सतरा निळे कूलर

२० जानेवारी, सोमवार

ही डायरी मला शनिवारी लातूरच्या प्रशिक्षणात मिळाली. वर सोनेरी अक्षरांत ‘निर्मळ परिसर प्रतिष्ठान’ असे छापले आहे. प्रत्येकाला एक डायरी, एक पेन आणि उपम्याची एक प्लेट होती. परत येताना एस.टी.त एकाने डायरीचे पान फाडून त्यात शेंगांची फोलपटे बांधली. मला ते पाहवले नाही. मी ठरवले की यात खरे तेवढेच लिहायचे, आणि लिहिण्यासारखे नसेल त्या दिवशी पान खर्च करायचे नाही.

माझे नाव आनंदराज ग्यानोबा जोंधळे, राहणार सुजातानगर, नांदेड. वय तेवीस. बारावीला इंग्रजीत दोनदा राहिलो. तिसऱ्यांदा फॉर्म भरायची हिंमत झाली नाही. मराठीत मात्र शहाऐंशी गुण आहेत. अक्षर चांगले आहे, शुद्धलेखन चांगले आहे, आणि या दोन गोष्टींवर नोकरी लागत नाही असे सगळे म्हणत होते. आता लागली आहे. प्रतिष्ठानमध्ये ‘नोंदणी सहायक’, मार्चअखेरपर्यंत कच्ची. आमचे समन्वयक उमाशंकर सर मूळचे चाकूरचे. ते म्हणाले, “वही अशी ठेव आनंदा, की वरच्या साहेबानं बघतच राहावं. एप्रिलपासून तुझं पक्कं.”

काम असे आहे. घंटागाडीत टाकता येत नाही असा कचरा, म्हणजे बंद पडलेले टीव्ही, गाद्या, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, लोकांनी रविवारी एका ठिकाणी आणून द्यायचा. मी नोंद घ्यायची. याच वेळी आमच्या प्रभागाचा नवा आराखडाही होत आहे आणि त्यात लोकांचा सहभाग हवा आहे. प्रशिक्षणात सरांनी फळ्यावर ‘लोकसहभाग’ लिहून अर्थ विचारला. मी म्हणालो, लोकांनी भाग घेणे. सर म्हणाले, बरोबर. पण घेतला हे कशावरून? मग त्यांनी खाली एकच शब्द लिहिला : ‘सही’.

मी तो पहिल्या पानावर उतरवून घेतला आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

रविवारच्या कचरा मेळाव्यासाठी सगळ्या प्रभागातून आमचे मैदान निवडले गेले. मला अभिमान वाटला.

मैदान म्हणजे एका बाजूला आमचे सुजातानगर, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि रस्त्यापलीकडे मल्लिकार्जुन कॉलनी. मध्ये चिंच. चिंचेजवळ विहार. जयंतीचे स्टेज इथेच लागते, लग्नाचे मांडव इथेच पडतात, पाण्याचा टँकर इथेच उभा राहतो, आणि आता पंधरा दिवसांत मिरच्या वाळत पडतील. वस्तीतल्या कोणत्याही घरात दहा माणसे एका वेळी बसू शकत नाहीत. अकरावे आले की सगळे मैदानात जातात. कॉलनीला स्वतःची बाग आहे. तिला फाटक आहे आणि कुलूप आहे.

मी सरांना विचारले की बागेजवळ का नको, तिथे सावली जास्त आहे. सर म्हणाले, “तिथं नको. तुमच्या वस्तीला या कामाची सवय असते, म्हणून इथंच बरं.”

हे मला नीट कळले नाही. बाबा रेल्वेच्या विभागीय कार्यालयात शिपाई होते आणि त्यांनी चौतीस वर्षे फायली नेल्या. आमच्या घरात कचऱ्याचे काम कुणी केलेले नाही. सरांचा दुसऱ्या कुणाशी घोटाळा झाला असावा. लुंबिनीला (माझी धाकटी बहीण, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे) सांगितले, तर ती जेवता जेवता थांबली.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला मेळावा झाला.

वहीचे रकाने : अनुक्रमांक, नाव, पत्ता, वस्तू, वर्णन, सही अथवा अंगठा. ‘वर्णन’ हा रकाना माझ्या मनाचा आहे. नुसते ‘खुर्ची’ लिहिले तर कोणती खुर्ची ते पुढे कसे कळणार? पहिल्या पानावर वर चार ओळी कोऱ्या सोडायला सरांनी सांगितले. तिथे मथळा येणार आहे. तो कोणता, ते लातूरच्या मुख्य कार्यालयातून कळेल. मथळ्याशिवाय लिहायला सुरुवात करणे मला बरे वाटले नाही, पण चार ओळी मोजून सोडल्या.

लिहिताना मी मान वर करत नाही. मान वर केली की वेलांटी चुकते. समोर वस्तू ठेवतात, मी ती पाहतो, हात दिसतो, नाव ऐकतो, लिहितो.

एकूण एकशे त्रेचाळीस नोंदी. कॉलनीतले लोक गाड्यांतून आले. शिवानी मॅडम म्हणून आहेत, कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी दोन गाद्या, एक ओव्हन आणि औषधांची पिशवी दिली. म्हणाल्या, “हे कायमचंच करा ना इथं. आमच्या गेटपासून लांब पडतं, वास यायचा प्रश्न नाही.” मी त्यांना माहिती म्हणून सांगितले की वारा बहुतेक रस्त्याकडून वस्तीकडे वाहतो. त्या म्हणाल्या, “मग तर उत्तमच.”

वस्तीतून चारच माणसे आली.

३ फेब्रुवारी, सोमवार

सर नाराज आहेत. कॉलनीच्या सह्या ढीगभर झाल्या तरी वस्तीच्या पाहिजेत, कारण नंतर विरोध वस्तीतूनच येतो, असे ते म्हणाले. स्वच्छतेला कुणी विरोध कशाला करील? मी तसे म्हणालो. सर म्हणाले की, तुझ्यासारखी पोरं संस्थेला हवीत.

पुढच्या रविवारी वस्ती आणायची जबाबदारी माझ्यावर आहे. पक्के होणे त्यावर आहे, असेही सांगितले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दारोदार फिरलो. वस्तीत कचरा नाही.

म्हणजे आहे, पण देण्यासारखा नाही. मोडकी बादली असली तर तिच्यात तुळस असते. बंद टीव्हीवर डबे ठेवलेले असतात. यापुढेही काही उरले तर भंगारवाला गुरुवारी येतो आणि घेऊन जातो. फुकट कचरा द्यायला सांगणारा मी पहिलाच, असे दोघांनी ऐकवले. एकाने विचारले, “भंगारात धंदा सुरू केलास का आनंदा? तर सांग, मी बी येतो.”

शेवटी नागुबाई मावशींकडे गेलो. त्या उंबऱ्यावर लसूण सोलत होत्या. वस्तीत कुणीही कागद घेऊन आले की पहिल्या त्याच उभ्या राहतात. त्याला कारण आहे. मागे घरांची मोजणी झाली, त्या दिवशी त्या मुखेडला लेकीकडे गेल्या होत्या. घरकुलाच्या यादीतून नाव राहिले ते राहिलेच. त्यानंतर त्या मुक्कामाला कुठे जात नाहीत.

त्यांनी विचारले, “वहीत नाव येतं का?”

मी म्हणालो, येते.

“पत्त्यासगट?”

पत्त्यासकट.

“अन् वही सरकारकडं जाती?”

मी जरा विचार करून सांगितले की आराखड्यासोबत जाते.

मावशींनी लसूण बाजूला ठेवला. “मंग कचरा कामून न्हाई? हाय की. लई हाय.”

मी एकही शब्द खोटा बोललो नाही. तसे इथे नोंदवून ठेवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी दिवस आहे.

सकाळी आठपासून रांग होती. अठ्ठ्याऐंशी नोंदी, सगळ्या सुजातानगरच्या. माझ्या टेबलासमोरची रांग विहाराच्या भिंतीपर्यंत गेली होती. जमा झालेला माल माझ्या पाठीमागे पडद्याआड ठेवत होते. पलीकडून सारखी ये-जा आणि हसणे ऐकू येत होते. लोकांना कचरा देण्यात एवढा आनंद होतो हे मला माहीत नव्हते.

अनुक्रमांक १४४ ला नागुबाई मावशी. वस्तू : कूलर. (‘कू’ दीर्घ की ऱ्हस्व, याची कालच खात्री करून घेतली होती.) वर्णन : निळा, पत्र्याचा, मागचा डावा पाय मोडका. नंतर १४७ ला पुन्हा कूलर, निळा. मग १५१. दिवसभरात एकूण सतरा कूलर आले. खुर्च्या बावीस आल्या, सगळ्या लाल, सगळ्यांना डावा हात नाही. तळ गेलेल्या बादल्या एकतीस. उरलेले अठरा किरकोळ.

एक निरीक्षण : वस्तीतल्या लोकांनी कूलर एकाच दुकानातून घेतलेले दिसतात आणि त्याचे पाय कच्चे आहेत. दुपारनंतर जे कूलर आले, त्यांचा पुढचा उजवा पायही हलत होता. तसे मी वर्णनात लिहिले आहे.

चार वाजता टेम्पो आला. चालक मल्लेश देगलूरकडचा आहे. त्याने माल भरला आणि विचारले, “झालं? एवढंच?” मी म्हणालो, अठ्ठ्याऐंशी वस्तू आहेत, मोजून घ्या. त्याने आधी टेम्पोकडे पाहिले, मग वहीकडे.

“तुमची वही लई वजनदार हाय भाऊ,” तो म्हणाला.

शाबासकी अशी अनपेक्षित ठिकाणाहूनही मिळते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सरांनी लातूरला अहवाल पाठवला. ‘एकाच वस्तीतून सतरा कूलर संकलित’ हे वाक्य त्यांनी ठळक केले. माझे नाव अहवालात नाही, पण आकडे माझे आहेत.

मावशींनी रस्त्यात थांबवून विचारले की यादी कधी लागते. मी म्हणालो, लागली की सांगतो.

४ मार्च, मंगळवार

मथळा आला. सरांनी सांगितला, मी लिहिला. चार ओळींत बरोबर बसला :

‘आम्ही खाली सही करणारे नागरिक, चिंचेच्या मैदानावर कायमस्वरूपी कचरा संकलन व वर्गीकरण केंद्र उभारण्यास, तसेच ते चालविण्याचे काम निर्मळ परिसर प्रतिष्ठान यांस देण्यास, पूर्ण संमती देत आहोत.’

लिहून झाल्यावर मी दोनदा वाचले. मग सरांना म्हणालो की लोकांनी सह्या कूलर दिल्याच्या केल्या आहेत. सर शांतपणे म्हणाले, “सही ती सही. स्वतःच्या पायानं आले, त्याच मैदानावर आले, कचरा घेऊन आले. आणखी संमती कशी असते?”

पण ‘कायमस्वरूपी’ हा शब्द लिहिताना पेन थांबला होता, आणि त्या जागी शाईचा बारीक ठिपका पडला आहे. मथळा आज लिहिला म्हणून शेवटी आजची तारीख टाकली. सरांनी पाहिले नाही. तारखेशिवाय काही लिहायची मला सवय नाही.

घरी आल्यावर खिडकीतून मैदान पाहिले. मिरच्या पसरल्या होत्या.

६ मार्च, गुरुवार

केंद्राच्या प्रस्तावावर सुनावणी २१ तारखेला आहे. त्याआधी वहीची स्वच्छ नक्कल प्रभाग कार्यालयात द्यायची आहे. सर म्हणाले, नक्कल करताना वस्तू आणि वर्णन हे रकाने गाळ. नाव, पत्ता आणि सही झाली असे लिहिले की पुरे. शेवटी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असे लिहून मी सही करायची.

बाबांना विचारले. ते दाराशी चप्पल शिवत बसले होते. म्हणाले, “अस्सल बरहुकूम म्हंजे अस्सलात हाय तसं. अस्सलावर चहाचा डाग असंल, तर नकलेत ‘इथं डाग’ म्हणून लिवावं लागतं. आमच्या बड्या बाबूनं तसं लिवल्यालं म्या पायलंय.” मग दोरा तोडून म्हणाले, “गाळायचं असंल तर सई करू नको. सई करायची असंल तर गाळू नको.”

रकाने गाळले तर सही खोटी होईल. न गाळले तर सर रागावतील. रात्रभर याच्यावर विचार करण्यापेक्षा मी रकाने आखून टाकले. सहाही.

८ मार्च, शनिवार

मोठी आपत्ती.

नक्कल करताना एकाच वस्तूचे वर्णन सलग लिहिण्यात आले आणि हात थांबला. कूलर, निळा, पत्र्याचा, मागचा डावा पाय मोडका. कूलर, निळा, पत्र्याचा, मागचा डावा पाय मोडका. सोळाव्या वेळी मी लुंबिनीला हाक मारली आणि विचारले की वस्तीत निळे कूलर किती आहेत.

ती म्हणाली, “एक. नागूमावशीचा. मागच्या उन्हाळ्यात त्याची मोटर जळली.”

मग ती भिंतीला धरून हसत खाली बसली. सगळ्या वस्तीला माहीत होते. कचरा दिल्याशिवाय वहीत नाव येत नाही आणि कचरा घरात नाही, म्हणून लोक पडद्यामागून तोच कूलर उचलून पुढून आणत होते. तीच खुर्ची, तीच बादली. पाळीपाळीने. कूलर जड म्हणून चौघे धरायचे आणि सही एकाची व्हायची. म्हातारीकोतारी बादलीवर भागवत होती.

“तू एकदा तरी वर बघायचंस की दादा,” ती म्हणाली.

मी म्हणालो की वर पाहिले असते तर वेलांट्या चुकल्या असत्या. ती हसायची थांबली.

माझ्या वहीत सदुसष्ट घोडचुका आहेत असे मला वाटले. नंतर नीट विचार केला. घोडचूक कुठे आहे? सतरा माणसे सतरा वेळा कूलर घेऊन आली. मी सतरा नोंदी केल्या. नोंद खरी आहे. फक्त कूलर एक आहे.

९ मार्च, रविवार

डाग असेल तर ‘येथे डाग’ लिहायचे.

नकलेत ‘शेरा’ म्हणून सातवा रकाना वाढवला. अनुक्रमांक १४७ पासून पुढच्या सोळा कूलरांसमोर लिहिले : ‘क्र. १४४ चाच कूलर.’ खुर्च्या आणि बादल्यांनाही तसेच. मथळ्याखाली लिहिले : ‘मथळा सह्यांनंतर, दि. ४ मार्च रोजी लिहिला.’ ‘कायमस्वरूपी’वरच्या ठिपक्यासाठी लिहिले : ‘येथे शाईचा ठिपका.’

अस्सल बरहुकूम नक्कल. सही. आनंदराज ग्या. जोंधळे.

१० मार्च, सोमवार

नक्कल सरांना दिली. त्यांनी पहिले पान पाहिले, शेवटचे पान पाहिले, बोटाने जाडी पाहिली आणि म्हणाले, “वा.” मी शेऱ्यांबद्दल सांगायला तोंड उघडले, तर त्यांना फोन आला. मी बाहेर अर्धा तास उभा होतो. मग तेच नक्कल घेऊन प्रभाग कार्यालयात गेले.

मी सांगायचा प्रयत्न केला होता. याची नोंद असावी.

१२ मार्च, बुधवार

लुंबिनीने विचारले की ती नक्कल कुणालाही पाहता येते का. मी नियम सांगितला : सुनावणीच्या आधी आठ दिवस कोणत्याही नागरिकाला कार्यालयात बसून पाहता येते आणि उतरवूनही घेता येते. घरात कुणीतरी माझ्या कामात रस घेत आहे याचे बरे वाटले. तिला माझे अक्षर पहिल्यापासून आवडते.

१७ मार्च, सोमवार

लुंबिनी तीन दिवसांपासून नागुबाई मावशींकडे जाऊन बसते. विचारले तर म्हणते, अभ्यास.

२१ मार्च, शुक्रवार

घडले तसे लिहितो.

सुनावणी प्रभाग कार्यालयाच्या सभागृहात होती. अधिकारी बाई होत्या, चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. पुढच्या खुर्च्यांवर कॉलनीचे लोक आणि शिवानी मॅडम. मागे भिंतीला लागून सुजातानगरच्या तीस-चाळीस बाया. मी सरांच्या शेजारी. सरांच्या बॅगेत माझे पक्के झाल्याचे पत्र होते. सकाळी त्यांनी मला ते दाखवले होते, फक्त तारीख टाकायची राहिली होती.

शिवानी मॅडमनी केंद्र कसे आवश्यक आहे ते सांगितले. सरांनी लातूरला पाठवलेला अहवाल वाचला : दोनशे एकतीस नागरिकांची संमती, एकाच वस्तीतून सतरा कूलर. अधिकारी बाईंनी नक्कल उघडली आणि म्हणाल्या की इतकी स्वच्छ वही त्यांनी या कार्यालयात पाहिलेली नाही. मला खाली पाहावे लागले.

मग मागून नागुबाई मावशी उठल्या. “बाईसाहेब, त्या वहीत माझं नाव हाय. एकशे चव्वेचाळीस नंबराला. नावाफुडं काय लिवलंय, तेवढं वाचता का?”

बाईंनी वाचले. “कूलर. निळा, पत्र्याचा, मागचा डावा पाय मोडका.”

“मंग माझी सई कूलरची हाय. आता एकशे सत्तेचाळीस.”

बाईंनी वाचले. मग १५१. मग १५८. चौथ्यानंतर मागे खुसखुस सुरू झाली, सातव्यानंतर शिवानी मॅडमनीही ओढणी तोंडावर धरली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बोट शेऱ्याच्या रकान्यावर नेले आणि तिथेच ठेवले. मग सरांना विचारले की सतरा कूलर आता कुठे आहेत.

सर म्हणाले, गोदामात.

किती?

सरांनी बॅगेची चेन उघडली आणि पुन्हा लावली. कूलर सतरा म्हणावे, तर आणखी सोळा दाखवावे लागणार. एक म्हणावा, तर वही कोसळणार. हे मला त्या क्षणी कळले, आणि सरांची मला दया आली. ते म्हणाले, “मॅडम, ही लेखनिकाची चूक आहे. नवा मुलगा आहे, शिक्षण कमी.” आणि माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. मीही हलवावी, एवढेच काम होते.

बाई म्हणाल्या, “तुम्हीच लिहिलंय ना? यात चूक आहे?”

मी उठलो. पत्र बॅगेत आहे हे मला आठवत होते. पण दोनशे एकतीस नोंदींपैकी एकही चुकीची नव्हती.

“नोंदी सतरा आहेत, कूलर एक आहे,” मी म्हणालो. “दोन्ही बरोबर आहे. शेरा लिहिलेला आहे.”

“सह्या घेतल्या तेव्हा मथळा होता?”

“नव्हता. चार ओळी सोडल्या होत्या. मथळा नंतर लिहिला. तारीख खाली आहे.”

बाईंनी तारीख पाहिली. नंतर त्यांनी काय सांगितले ते मी नीट ऐकले नाही, कारण कानात घूं असा आवाज होत होता. लुंबिनीने नंतर सांगितले ते असे : या सह्या संमती म्हणून धरता येणार नाहीत. जागेवर येऊन पाहणी करतील. केंद्र हवे की नको ते मैदानालगतच्या घरांनी १५ एप्रिलच्या आत लेखी द्यावे. तोवर प्रस्ताव थांबवला आहे.

बाहेर बायांनी मला घेरले. नागुबाई मावशींनी माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली. मला वाटले, त्या माझी चेष्टा करत आहेत. सर माझ्याजवळून गेले, पण त्यांनी पाहिले नाही.

२५ मार्च, मंगळवार

प्रतिष्ठानचे पत्र आले. ‘नोंदी ठेवण्यात अक्षम्य निष्काळजीपणा केल्यामुळे आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.’

निष्काळजीपणा. हा शब्द मी दहा वेळा वाचला. चोर म्हटले असते तरी एवढे लागले नसते. पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत.

बाबांनी पत्र मागितले, चष्मा लावून वाचले, घडी घातली. विचारले, “नक्कल अस्सलासारखी होती नं?”

होती.

“मंग झालं,” म्हणाले, आणि पत्र त्यांच्या पेन्शनच्या फायलीला लावून ठेवले.

२९ मार्च, शनिवार

मल्लेश टेम्पो घेऊन आला. मागे निळा कूलर होता, एक लाल खुर्ची आणि तळ गेलेली बादली. “गोदामात ठेवू नका म्हणले. चौकशी आली तर दिसाया नको,” तो म्हणाला. “सतरातला हा एकच घावला बगा.” त्याने सगळे चिंचेखाली उतरवले आणि सही मागितली. मी दिली. आधी मथळा वाचून.

५ एप्रिल, शनिवार

वस्तीचे लेखी द्यायचे आहे. लिहिणार कोण, यावर वस्तीत चर्चा झाली नाही. नागुबाई मावशींनी वही आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मी सांगितले की मला निष्काळजीपणाबद्दल काढून टाकले आहे, दुसरे कुणी पाहा. मावशी म्हणाल्या, “दुसरं कुणी ठिपका लिवंल का?”

चिंचेखाली कूलर उलटा करून त्याच्यावर वही ठेवली. या वेळी मथळा आधी लिहिला : ‘चिंचेच्या मैदानावर कचरा केंद्र नको. मैदान आहे तसे राहावे.’ मोठ्याने वाचून दाखवला. मावशींनी पुढे वाकून हळूच विचारले, “अन् या सईचं काय मिळंल?”

मागच्या वेळी मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो, आणि काय झाले ते या डायरीत आहे. मी म्हणालो, काही नाही. घरकुल नाही, यादी नाही, काहीच नाही. जयंतीला मैदान राहील, एवढेच.

त्यांनी वहीवर बोट ठेवले. “मंग तसं बी वर लिव. मागून लोक बोंबलतेत.”

म्हणून मथळ्याखाली दुसरी ओळ लिहिली : ‘या सहीमुळे सही करणाऱ्यास काहीही मिळणार नाही.’ तीही वाचून दाखवली. मला वाटले होते, निम्मे लोक घरी जातील. तिघे गेले. त्यातला एक चष्मा घेऊन परत आला.

प्रत्येक नावाला मान वर करून पाहिले. यामुळे एकूण सहा वेलांट्या चुकल्या. त्या दुरुस्त करून प्रत्येकीशेजारी माझी आद्याक्षरे केली आहेत.

रांगेत मागे ती लाल खुर्ची दिसली. कुणीतरी डोक्यावर घेऊन उभे होते. हे कशाला, असे विचारले, तर उत्तर आले, “सईला कायतरी आणावं लागतं नं?” मी सांगितले की या वेळी लागत नाही. खुर्ची मात्र ठेवून घेतली, कारण मी तीन तास उभ्याने लिहीत होतो.

या वहीत वर्णनाचा रकाना नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. खुर्ची : लाल, प्लॅस्टिकची, डावा हात नाही. पाय चारही शाबूत.